किती देते आणि किती धावते

गाडी घ्यायची ठरली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : ॲव्हरेज किती देते? गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला फाटे फुटले आहेत. पेट्रोल घ्यावी, सीएनजी घ्यावी, हायब्रिड घ्यावी की सरळ इलेक्ट्रिक? शोरूममधला विक्रेता, शेजारचे काका, यूट्यूबवरचा परीक्षक आणि घरातलं अभियांत्रिकी शिकणारं पोर, प्रत्येकाचं उत्तर तयार असतं आणि प्रत्येक जण आपलं उत्तर पर्यावरणाच्या नावाने पटवून देतो. या सगळ्या वादात एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही : ही गाडी वर्षाला धावणार किती? माझं म्हणणं असं आहे की पेट्रोलकडून विजेकडे जाण्याचा जो प्रवास आता सुरू झाला आहे, त्याचा सगळा हिशेब याच प्रश्नावर उभा आहे. इंजिन कोणतं, हा त्यानंतरचा प्रश्न. हा क्रम उलटा धरल्यामुळे आपल्या सवलती, आपले कर आणि आपलं चार्जिंगचं जाळं, तिन्हींचा रोख भलत्याच वाहनांकडे वळला आहे.

आधी साधं गणित मांडू. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरमागे १८ किलोमीटर देणारी मध्यम आकाराची पेट्रोल गाडी म्हणजे किलोमीटरला १२८ ग्रॅम. तेल उपसणं, शुद्ध करणं, पंपापर्यंत आणणं यांचा साधारण पाचवा हिस्सा त्यात धरला की आकडा दीडशेच्या घरात जातो. तेवढ्याच आकाराची स्ट्राँग हायब्रिड गाडी, म्हणजे इंजिनासोबत विजेच्या मोटारीवरही धावणारी, २४ किलोमीटर सहज देते. तिचा हिशेब ११५ ग्रॅमच्या आसपास. आता इलेक्ट्रिक. चार्जिंगमधली गळती धरून एका युनिटमध्ये सात किलोमीटर, असं समजू. आपल्या देशात अजून सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशावर तयार होते, त्यामुळे एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅमहून थोडा जास्तच कार्बन डायऑक्साइड निघतो. तारांमधली गळती धरा, आणि गाडीच्या खात्यावर किलोमीटरला सुमारे १२० ग्रॅम पडतात. म्हणजे पेट्रोल १५०, हायब्रिड ११५, इलेक्ट्रिक १२०. गाडी, चालक आणि रस्ता बदलला की हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण चित्र बदलणार नाही. आजच्या विजेवर इलेक्ट्रिक कार हायब्रिडपेक्षा स्वच्छ नाही. ‘शून्य उत्सर्जन’ असं मागच्या काचेवर चिकटवून फिरणाऱ्यांना हे कडू वाटेल, पण त्यांच्या वाट्याचा धूर बंद झालेला नाही, तो चंद्रपूरला गेला आहे.

चंद्रपूरचं नाव इथे सहज आलेलं नाही. तिथलं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं, राज्यातल्या सर्वांत मोठ्या वीजकेंद्रांपैकी एक. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये रात्री अकरा वाजता लावलेल्या चार्जरला जी वीज मिळते, ती त्या वेळी सूर्याची असणं शक्यच नाही. तिचा मोठा हिस्सा विदर्भातल्या अशाच चिमण्यांखालून आलेला असतो. औष्णिक केंद्रांनी धुरातलं गंधक पकडणारी यंत्रणा बसवावी, असा नियम २०१५ मध्ये झाला होता. मुदती पुढे ढकलल्या गेल्या, पुन्हा ढकलल्या गेल्या, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य वीजसंचांना त्यातून सूटच देण्यात आली. म्हणजे कोथरूडच्या चौकातली हवा सुधारावी म्हणून राख आणि गंधक कुठल्या तरी दुसऱ्याच जिल्ह्याच्या पदरात पडतं, आणि त्या जिल्ह्याला या व्यवहाराबद्दल कुणी विचारलेलं नसतं. इलेक्ट्रिक गाडीच्या बाजूने बोलणाऱ्याने ही गोष्ट लपवू नये. मी तिच्याच बाजूने बोलणार आहे, म्हणून ती आधी सांगून टाकतो.

मग हायब्रिड घेऊन मोकळं व्हावं का? टोयोटा हेच सांगत आली आहे. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये प्रियस विक्रीला आली तेव्हापासून या कंपनीने हे तंत्र इतकं घोटलं आहे की त्यावर तिचा विश्वास असणं स्वाभाविक आहे. तिचा एक युक्तिवाद प्रसिद्ध आहे : लांब पल्ल्याच्या एका इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला जेवढी मूलद्रव्यं लागतात तेवढ्यात नव्वद हायब्रिड गाड्यांच्या बॅटऱ्या होतात. हिशेब चुकीचा नाही. बॅटरीची मूलद्रव्यं दुर्मीळ असतील तर ती थोडी थोडी सगळ्यांना वाटणं शहाणपणाचं ठरतं. पण या युक्तिवादात काळ थांबलेला आहे. २०१० साली बॅटरीच्या एका किलोवॅट-अवर, म्हणजे एका युनिटच्या, क्षमतेला हजार डॉलरहून अधिक पडत. २०२४ मध्ये तोच आकडा ११५ डॉलरच्या आसपास आला. लोह आणि फॉस्फेटच्या बॅटरीत कोबाल्टही नसतं आणि निकेलही नसतं. टंचाई गृहीत धरून केलेली वाटणी टंचाई ओसरल्यावर बदलायला हवी.

हायब्रिडची खरी मर्यादा तिच्या जन्मातच आहे. ती शोरूममधून बाहेर पडते त्या दिवशी जेवढी स्वच्छ असते, त्याहून स्वच्छ ती कधीच होत नाही. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०२६ मध्ये घेतलेली हायब्रिड २०४१ मध्येही लिटरमागे तेवढंच पेट्रोल जाळेल, किंबहुना म्हातारपणी थोडं जास्तच. इलेक्ट्रिक गाडीचं उलट आहे : तिच्याखालची वीज बदलली की तीही बदलते, मालकाला बोनेट उघडावं लागत नाही. आणि वीज बदलते आहे, यात शंका नाही. २०१४ मध्ये देशात सौरऊर्जेची क्षमता तीन गिगावॅटही नव्हती. २०२५ च्या सुरुवातीला तिने शंभर गिगावॅट ओलांडले. त्याच वर्षाच्या मध्यावर देशाच्या एकूण स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-वायूव्यतिरिक्त स्रोतांची झाली. क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांत फरक आहे, सूर्य रात्री नसतो, हे सगळं खरं; तरी येत्या १५ वर्षांची सरासरी काढली तर युनिटमागचा कार्बन आजच्यापेक्षा एक तृतीयांशाने कमी असेल, हा अंदाज भाबडा नाही. तसं झालं तर आपल्या इलेक्ट्रिक गाडीचे १२० ग्रॅम ८० वर येतात आणि हायब्रिड ११५ वरच राहते.

इथपर्यंत आलेला वाचक म्हणेल, ठरलं तर मग, इलेक्ट्रिकच घ्यायची. थांबा, अजून बॅटरीचं कर्ज बाकी आहे. चाळीस युनिटची बॅटरी बनवताना, कारखाना कुठे आहे त्यानुसार, साधारण तीन टन कार्बन डायऑक्साइड निघतो. गाडीने पहिला किलोमीटर चालण्याआधीच हे कर्ज तिच्या डोक्यावर असतं आणि ते ती फक्त एकाच मार्गाने फेडू शकते : धावून. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालणारी घरगुती गाडी घ्या. आजच्याच विजेवर ती पेट्रोल गाडीच्या तुलनेत किलोमीटरला ३० ग्रॅम वाचवते, म्हणजे वर्षाला ३०० किलो. कर्ज फिटायला दहा वर्षं. सुधारत जाणारी वीज धरली तर सव्वाचार वर्षं. आणि तुलना हायब्रिडशी केली तर, सुधारलेल्या विजेवरसुद्धा, साडेआठ वर्षं. आता तेच पन्नास हजार किलोमीटर चालणाऱ्या टॅक्सीसाठी करा. हायब्रिडच्या तुलनेतलं कर्जसुद्धा दोन वर्षांच्या आत फिटतं आणि पुढचा प्रत्येक किलोमीटर नफ्यात. बॅटरी तीच, वीज तीच. फरक फक्त चाकं किती फिरली याचा.

म्हणून माझा निष्कर्ष असा, की शनिवार-रविवारी बाहेर पडणाऱ्या आणि एरवी पार्किंगमध्ये कव्हर घालून उभ्या असलेल्या गाडीच्या बाबतीत हायब्रिड की इलेक्ट्रिक हा वाद जवळजवळ बरोबरीत सुटतो आणि त्यावर एवढा आवेश खर्च करण्याचं कारण नाही. आवेश हवा तो रोज शंभर-दीडशे किलोमीटर धावणाऱ्या वाहनांसाठी. त्यातही हलक्या वाहनांचं गणित तर एकतर्फी आहे. पेट्रोलवरची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देते असं धरलं तर किलोमीटरला साठेक ग्रॅम. इलेक्ट्रिक स्कूटर एका युनिटमध्ये तीसहून अधिक किलोमीटर जाते, म्हणजे आजच्या कोळशाच्या विजेवरसुद्धा पंचवीस-तीस ग्रॅम. निम्म्याहून कमी! बॅटरीही दोन-तीन युनिटची, कर्ज नावापुरतं. सीएनजी रिक्षा आणि इलेक्ट्रिक रिक्षा यांच्यातही अंतर असंच मोठं आहे. चंद्रपूरचा आक्षेप इथे संपत नाही, पण निम्मा होतो. सोळाशे किलोची गाडी एका माणसाला ऑफिसला नेते तेव्हा ऊर्जा कुठलीही वापरली तरी तिचा बहुतेक भाग गाडीलाच हलवण्यात जातो, ही गोष्ट कारच्या जाहिरातींत येत नाही.

आणि गंमत म्हणजे भारतात खरा बदल याच क्रमाने घडतो आहे, आपलं लक्ष तिकडे नसलं तरी. २०२४ मध्ये देशात विकल्या गेलेल्या नव्या तीनचाकींपैकी निम्म्याहून अधिक विजेवर चालणाऱ्या होत्या. दुचाकींत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास होतं, आणि कारमध्ये जेमतेम अडीच टक्के. ई-रिक्षा घेणाऱ्याला हवामान परिषदेत काय ठरलं याच्याशी देणंघेणं नसतं. रोजचा धंदा वजा रोजचं इंधन एवढंच तो मोजतो, आणि तो जे मोजतो तेच वर मांडलेलं गणित आहे, फक्त रुपयांत. पुण्याच्या आकुर्डीत १९७२ मध्ये सुरू झालेली चेतक स्कूटर २०२० मध्ये विजेवर परत आली. ती घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पर्यावरणापेक्षा पेट्रोलचा दर पाहिला असणार. यात कमीपणा नाही. ज्याची चाकं जास्त फिरतात त्याला विजेचा फायदा जास्त, हे पैशाच्या आणि धुराच्या दोन्ही हिशेबांत एकाच दिशेने जातं. असा योग धोरण आखणाऱ्यांच्या नशिबी क्वचित येतो.

त्याचा उपयोग आपण कसा केला ते पाहा. केंद्राच्या खरेदी अनुदानातून खासगी कार वगळल्या आहेत, हे बरोबरच झालं. पण जीएसटी इलेक्ट्रिक गाडीला सरसकट पाच टक्के, मग ती आठ लाखांची असो वा साठ लाखांची. सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेनंतर लहान पेट्रोल गाडीला १८ टक्के आणि मोठ्या गाडीला ४० टक्के. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या स्ट्राँग हायब्रिड लांबीमुळे आणि इंजिनाच्या आकारामुळे या चाळीसच्या खणात पडतात, म्हणजे लिटरमागे २४ किलोमीटर देणारी हायब्रिड आणि दहा देणारी धिप्पाड पेट्रोल एसयूव्ही एकाच रांगेत. कर गाडीची लांबी मोजतो, धूर मोजत नाही. राज्यात तर आणखी मजा झाली. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर सहा टक्के मोटार वाहन कर लावण्याचा प्रस्ताव होता. त्याच अधिवेशनात तो मागे घेतला गेला. त्याच वर्षीच्या राज्याच्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू इथे इलेक्ट्रिक कार आणि बसना टोलमाफी दिली. बसचं ठीक. पण विजेवर चालणाऱ्या वाहनांत ज्या बहुसंख्य आहेत, त्या रिक्षांना आणि स्कूटरना या रस्त्यांवर पाऊलच टाकता येत नाही.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. नवं तंत्र आधी श्रीमंत घेतात, त्यांच्या खरेदीतून उत्पादन वाढतं, किंमत उतरते आणि मग ते सगळ्यांच्या आवाक्यात येतं. मोबाइलचं असंच झालं. मग महागड्या इलेक्ट्रिक गाडीला सवलत देण्यात चूक काय? चीनमध्ये २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळपास निम्म्या विजेवर चालणाऱ्या किंवा प्लग लावता येणाऱ्या हायब्रिड होत्या, आणि त्या देशाची वीजही निम्म्याहून अधिक कोळशाचीच आहे. बॅटरीची किंमत उतरली ती मुख्यतः तिथल्या प्रचंड उत्पादनामुळे. पण याचाच अर्थ असा की ते काम आता बऱ्याच अंशी झालेलं आहे. जगभर स्वस्त झालेली बॅटरी आणखी स्वस्त व्हावी म्हणून इथल्या साठ लाखांच्या गाडीला करमाफी देण्याची गरज उरलेली नाही. उलट ई-रिक्षा घेणाऱ्याला आजही कर्ज महाग पडतं, कारण जुन्या बॅटरीच्या गाडीला पुढे किंमत काय येईल याचा वित्तसंस्थेला भरवसा नसतो. सरकारी पैशाने तिथे हमी दिली तर एका महागड्या कारच्या करमाफीत कितीतरी रिक्षा रस्त्यावर येतील. नॉर्वेचं उदाहरण कुणी देईल. तिथे २०२४ मध्ये नव्या गाड्यांपैकी ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या. पण नॉर्वेची जवळजवळ सगळी वीज पाण्यापासून येते, आणि जगाला तेल विकून आलेल्या पैशावर त्या देशाला करमाफी परवडते. आपण त्यातलं काहीही उसनं घेऊ शकत नाही.

मोठ्या टॅक्सींबद्दल मला थोडं सावध बोललं पाहिजे. मुंबई-पुण्याच्या टॅक्सी बहुतेक सीएनजीवर चालतात आणि सीएनजी गाडीचा धूर हायब्रिडच्या जवळपासच असतो, त्यामुळे आजच्या रात्रीच्या विजेवर टॅक्सी इलेक्ट्रिक केली तर कार्बनच्या हिशेबात फारसं हाती लागत नाही. बसचं तर त्याहून बिकट. शहरात पावलोपावली थांबणाऱ्या वातानुकूलित बसला वीज फायद्याची, कारण दर ब्रेकला थोडी ऊर्जा बॅटरीत परत जाते. पण महामार्गावर सलग धावणाऱ्या साध्या एसटीला आज ती तशी फायद्याची ठरेलच असं नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, आणि त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी पहिली विजेवरची ‘शिवाई’. प्रसंग छान साधला. तरी चाळीस माणसांना एकत्र नेणारी डिझेलची एसटीसुद्धा माणशी हिशेबात कुठल्याही इलेक्ट्रिक कारच्या पुढे असते, हे विसरून चालणार नाही. एसटीचा प्रवासी कंटाळून कारकडे वळला तर ती कार विजेची असली तरी तोटाच.

टॅक्सी आणि बसचं गणित सुधारण्याची किल्ली आहे चार्जिंगची वेळ. दुपारी बारा ते तीन या वेळात देशात सूर्याची वीज इतकी वाढली आहे की ती वापरायची कशी हाच प्रश्न होऊन बसला आहे. जुलै २०२५ पासून महावितरण वेळेनुसार दर मोजणाऱ्या मीटरच्या घरगुती ग्राहकांनाही सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत सवलत देऊ लागली, ती याचमुळे. पण त्या वेळी खासगी गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये असते आणि तिथे प्लग नसतो. रिक्षावाला मात्र दुपारी जेवायला थांबतोच, टॅक्सीवाला स्टँडवर रांगेत उभा असतो, बस आगारात दोन फेऱ्यांमध्ये टेकते. ज्यांची चाकं सर्वांत जास्त फिरतात तीच वाहनं दुपारी ठरावीक जागी सापडतात, आणि आपण चार्जर बसवतो मॉलच्या तळघरात. दुपारच्या सूर्यावर चालणारी टॅक्सी चंद्रपूरच्या आक्षेपालाही सर्वांत प्रामाणिक उत्तर देते.

राहिला रोजगाराचा प्रश्न, आणि तो खोटा नाही. भोसरी, चाकण, वाळूज, कोल्हापूरच्या शिरोलीतल्या फाउंड्र्या, या सगळ्यांचं पोट पिस्टन, गिअर, सिलिंडर हेड आणि सायलेन्सर यांवर आहे. इलेक्ट्रिक मोटारीला यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. हायब्रिडचा खरा उपयोग मला इथे दिसतो. तिच्यात इंजिन आहे, त्यामुळे कारच्या बाजारात तिला थोडी मोकळीक दिली तर या कारखान्यांना बदलायला दहा वर्षं मिळतात. अट एकच, मोकळीक लिटरमागच्या किलोमीटरवर मोजलेली हवी आणि तिला शेवटची तारीख हवी. ‘हायब्रिड’ या पाटीवर सवलत देऊन आपण एकदा फसलो आहोत : केंद्राच्या २०१५ च्या फेम योजनेत नावापुरती मोटार बसवलेल्या माइल्ड हायब्रिड गाड्यांनाही अनुदान मिळालं आणि २०१७ मध्ये ते काढून घ्यावं लागलं. युरोपातही प्लग लावायच्या हायब्रिड गाड्या रस्त्यावर प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीनपट कार्बन सोडतात, असं युरोपीय आयोगानेच २०२४ मध्ये सांगितलं, कारण मालक प्लग लावण्याची तसदी घेत नाहीत.

तेव्हा राज्य सरकारला सुचवायचं ते इतकंच : तीस लाखांवरच्या गाडीवरचा तो सहा टक्के कर परत आणा आणि तो पैसा रिक्षा-टॅक्सी स्टँडांवरच्या, एसटी आगारांतल्या दुपारच्या चार्जिंगला द्या. आणि वाचकहो, वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटरच चालणारी, धडधाकट पेट्रोल गाडी दारात असेल तर केवळ पर्यावरणासाठी ती विकून नवी इलेक्ट्रिक घेण्याची घाई करू नका. ती चालवा, जमेल तितकी कमी चालवा. घरातली रोज धावणारी स्कूटर बदलायला झाली असेल, तर ती आधी बदला.